पियानो टीचर आजीचं आयुष्य गोळा करताना

आजीला जाऊन वर्ष झालं तेव्हाच्या मिस्सानंतर (मिस्सा म्हणजे चर्चमधला प्रार्थनाविधी) तिचा जीवनपट वाचायचा आणि छोटीशी पुस्तिका काढायची असं घरात ठरलं आणि लिहायचं काम माझ्याकडे आलं. आमच्या वसईत बऱ्याच घरांत करतात हे. वर फोटो, जन्म-मृत्यूच्या तारखा, मुलं-नातवंडांची नावं, एखादं वचन, झालं. पण आजीच्या बाबतीत तेवढ्यावर थांबणं मला पटेना, कारण तिच्या मृत्यूच्या नोंदणीचा फॉर्म माझ्यासमोरच भरला गेला होता आणि त्यात व्यवसायाच्या रकान्यात 'गृहिणी' लिहिलं गेलं. सगळे रडत होते, अंत्यविधीची घाई होती, तेव्हा त्यावर कोण बोलणार. पण ती बाई जवळपास साठ वर्षं पियानो शिकवत होती, अर्ध्या वसईच्या चर्चमध्ये आज ऑर्गनवर किंवा कीबोर्डवर जे हात फिरतात त्यातले किती हात तिनं धरून बसवलेत, आणि सरकारी कागदावर त्यातलं काहीच नाही. हे कुठेतरी नीट लिहून ठेवलंच पाहिजे असं तेव्हापासून डोक्यात होतं.

आधी मी साध्या वहीत वर्षं मांडली. १९३१, जन्म, कुडतरी, सासष्टी, गोवा. १९४९, मुंबई. १९६०, लग्न. २०२३, गेली. मधे सगळं रिकामं.

आजीचे वडील कुडतरीच्या चर्चचे मेस्त्री होते, म्हणजे क्वायर (चर्चमधलं गाणारं पथक) बसवणारे आणि गावातल्या मुलांना संगीत शिकवणारे. गोव्यात पोर्तुगीज काळात चर्चला जोडून अशा शाळा असायच्या, तिथे मुलं आधी सोल्फेज म्हणजे स्वर वाचायला शिकायची आणि मग व्हायोलिन हातात घ्यायची. मुंबईच्या हॉटेलांतले बँड, मूकपटांच्या थिएटरातले वादक, नंतर हिंदी सिनेमाचे ऑर्केस्ट्रा, या सगळ्यांना वाचून वाजवणारी माणसं मिळाली ती बरीचशी या चर्चच्या शाळांतून. पण शिकायचे ते मुलगे. आजीला वडिलांनी घरीच शिकवलं आणि चर्चच्या पायाच्या भात्यावर चालणाऱ्या ऑर्गनवर बसवलं. पियानो गावात भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या घरी, तो बाहेरून ऐकायचा. आजीनं स्वतः पियानोला पहिल्यांदा हात लावला तो मुंबईत, अठरा वर्षांची असताना.

हे मला कसं कळलं तर ती असताना मी फोनवर तिचं थोडं रेकॉर्डिंग केलं होतं. यात एक गोष्ट सांगते, ज्यांना घरच्या म्हाताऱ्या माणसांचं करायचंय त्यांच्या कामी येईल. "आजी, तुझी गोष्ट सांग" असं विचारलं की ती "काय सांगायचं, देवाची कृपा" म्हणून गप्प बसायची. पण "ट्रंकेत काय काय आणलंस?" विचारलं की गाडी सुरू व्हायची. दोन फ्रॉक, जपमाळ, वडिलांच्या हातची स्वरांची वही, आणि आईनं बांधून दिलेली पेराद, म्हणजे पेरूची वडी, जी कुळ्याला कस्टमवाल्यानं हुंगून परत दिली. या एका पेरादेवरून अख्खा प्रवास बाहेर आला. मडगावला गाडी धरायची, कुळ्याला पोर्तुगीज कस्टम, मग दूधसागरवरून घाट चढून कॅसलरॉक, तिथे हिंदुस्थानचं कस्टम, परत ट्रंका उघडा, मग लोंढा, पुण्याला गाडी बदलायची आणि बोरीबंदर. गोवा तेव्हा दुसऱ्या देशाचा होता हे आपण शाळेत वाचतो पण आपली आजी दोन कस्टम ओलांडून मुंबईत आली, कागदोपत्री ती पोर्तुगालची प्रजा होती, हे ऐकताना मला वेगळंच वाटलं.

मुंबईत ती माझगावला मामाकडे राहिली. धोबी तलावला गोव्याच्या गावागावांचे कूड, म्हणजे एकत्र राहायच्या खोल्या होत्या, बोटीवर कामाला जाणाऱ्या माणसांसाठी, भिंतीशी ट्रंका रचलेल्या आणि समोर गावच्या संताची वेदी, पण ती सोय पुरुषांची, मुलींना नातेवाईकच शोधावे लागत. दिवसा फोर्टात टायपिस्ट, आणि संध्याकाळी भायखळ्याच्या एका अँग्लो-इंडियन बाईकडे पियानो, फीच्या बदल्यात तिच्या छोट्या विद्यार्थ्यांची थिअरी घ्यायची. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या परीक्षा मुंबईत व्हायच्या, परीक्षक थेट इंग्लंडहून यायचे, त्या ती ओळीनं देत गेली. स्केल्स म्हणजे चढत्या-उतरत्या स्वरांच्या ओळी, अर्पेजिओ म्हणजे कॉर्डचे स्वर एकेक करून, बसवलेले पीसेस, समोर ठेवलेलं कधीही न पाहिलेलं पान तिथल्या तिथे वाजवणं, कानानं स्वर ओळखणं. घरी पियानो नसताना. मामाच्या जेवणाच्या टेबलावर खडूनं पट्ट्या आखून ती बोटं फिरवायची, हे मला आत्यानं सांगितलं, रेकॉर्डिंगमध्ये नाहीये. १९५८ साली डिप्लोमा मिळाला. तो कागद मात्र तिनं फ्रेम करून ठेवला होता, घरातला एकमेव कागद ज्यावर तिचं काम लिहिलेलं आहे.

त्या वर्षांबद्दल बोलताना तिचा आवाज एकाच ठिकाणी बसायचा. १५ ऑगस्ट १९५५ ला गोव्यात शिरणाऱ्या सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळीबार केला आणि त्यानंतर भारतानं रेल्वे बंद केली, हद्द बंद झाली. १९५७ मध्ये तिचे वडील गेले. ती बातमी तिला मिळाली तोवर दफन होऊन बरेच दिवस झाले होते, आणि लगेच मिळाली असती तरी जायची परवानगी वेळेत मिळणं कठीणच होतं. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मोकळा झाला, पुढच्या वर्षी ती सात महिन्यांच्या पप्पांना कडेवर घेऊन गावी गेली आणि थेट कबरीवर. एवढंच सांगितलंय, पुढे रेकॉर्डिंगमध्ये नुसता पंख्याचा आवाज आहे.

मग मी गोव्याला तिची जन्मनोंद काढायला गेले. खरं सांगायचं तर पुस्तिकेला त्याची गरज नव्हती पण मला तिचं मूळ नाव जसं लिहिलं गेलं तसं बघायचं होतं. आधी मडगावच्या रजिस्ट्रार ऑफिसात चौकशी, तिथून पणजी शहरातल्या पुराभिलेखात, जुनी पुस्तकं तिकडे असतात. तुमच्याकडे नाव, आईवडिलांची नावं, गाव आणि अंदाजे वर्ष एवढं असलं पाहिजे, आणि नाव बाप्तिस्म्याचं हवं, घरी हाक मारायचे ते नाही. जो भेटेल तो पहिला प्रश्न हाच विचारायचा, "पासपोर्ट करताय का पोर्तुगालचा?" कारण १९६१ च्या आधी तिथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना लिस्बनमध्ये नोंद करून नागरिकत्व घेता येतं आणि हे दाखले शोधणारे बहुतेक त्यासाठीच आलेले असतात. मी म्हटलं नाही हो, आजीबद्दल लिहायचंय. तिथल्या एका वयस्कर माणसानं मग मोठ्या प्रेमानं ती नोंद मला वाचून दाखवली, पोर्तुगीज मला येत नाही. या जुन्या नोंदीत केवढं असतं! आईवडील, दोन्हीकडचे आजीआजोबा, जन्माची वेळ. वडिलांच्या धंद्याच्या जागी स्वच्छ अक्षरात 'मूझिको', म्हणजे वादक. आईच्या जागी 'दोमेस्तिका', घरकाम करणारी. बाजूला समास सोडलेला असतो, त्यात पुढे लग्न झालं की नोंद करतात. आजीचा समास कोरा होता, कारण लग्न मुंबईत झालं आणि कुणी कळवायला गेलंच नाही. म्हणजे गोव्याच्या कागदाला तिचं लग्न माहीत नाही आणि महाराष्ट्राच्या कागदाला तिचं काम माहीत नाही. या माणसाचा मेळ मग लागणार कुठे?

माझ्या मते तो विद्यार्थ्यांकडे लागतो. हे मला या सगळ्या कामात उशिरा का होईना पण पक्कं कळलं, की शिकवणाऱ्या माणसाचं आयुष्य घरच्यांना अर्धंच माहीत असतं. घरच्यांना ती स्वयंपाकघरातून दिसते.

पण आधी वसईचं सांगते. आजोबा वेस्टर्न रेल्वेत होते, भायखळ्याच्या ग्लोरिया चर्चच्या क्वायरमध्ये ओळख झाली आणि १९६० मध्ये आजी आमच्या वाडीत आली. आम्ही सामवेदी ख्रिस्ती, वसईतला एक समाज, तेव्हा घरोघरी बायका लाल लुगड्यात, केळीची आणि पानवेलीची वाडी, घरात आमची बोली, आणि ही गुडघ्याखाली येणारा फ्रॉक घालून, कोंकणी बोलणारी, जिला विहिरीवरून पाणी काढता येत नव्हतं. पणजी, म्हणजे आजीची सासू, तिच्याशी सुरुवातीला फार कडक वागली असं आत्या सांगते. धर्म एक, मिस्सा एकच, तरी परकेपणा होताच, आणि तो नुसत्या कपड्यांचा नव्हता. बाई माणसानं पैसे घेऊन शिकवायचं, तेही वाजवायला, हे वाडीत कुणाला पटण्यासारखं नव्हतं. दोन वर्षांनी आजोबांनी मुंबईत जुन्या सामानाच्या लिलावात एक अपराइट, म्हणजे उभ्या पेटीचा पियानो घेतला, इंग्लंड सोडून इथे आलेला आणि मालक इंग्लंडला परत गेल्यावर इथेच राहिलेला. ट्रकनं बेसिन रोड म्हणजे आजच्या वसई रोडपर्यंत आणि पुढे वाडीच्या गल्लीत ट्रक शिरेना म्हणून बैलगाडीनं. दोनशे किलोच्या वर वजन. पणजीनं म्हणे दारात उभं राहून विचारलं, हे खातं काय?

खातं ते दमट हवा. वसईच्या पावसाळ्यात पियानो सांभाळणं म्हणजे रोजचं काम आहे, तारा गंजतात, लाकूड फुगून पट्ट्या अडकतात, आतल्या फेल्टला कसर लागते. आजी पावसाळाभर खालच्या पोकळीत चाळीस वॅटचा बल्ब चोवीस तास पेटता ठेवायची, आत ऊब राहावी म्हणून, आणि डांबराच्या गोळ्या फडक्यात बांधून टाकायची. बल्ब गेला की तो आधी बदलायचा, घरातले नंतर.

ती गेल्यावर बल्बकडे कुणाचं लक्ष राहिलं नाही आणि पियानो एका पावसाळ्यात बसला. मिस्साला तो वाजला पाहिजे असं मला वाटत होतं म्हणून मुंबईहून ट्यूनरला, म्हणजे सूर जुळवून देणाऱ्याला बोलावलं. सत्तरीचे गृहस्थ, हातात छोटी चामड्याची बॅग, त्यात ट्यूनिंग लिव्हर, फेल्टच्या पट्ट्या आणि एक ट्यूनिंग फोर्क. पियानो जवळपास अर्धा स्वर खाली उतरला होता. ते म्हणाले, एकदम ४४० ला, म्हणजे ठरलेल्या प्रमाण सुराला ओढला तर जुन्या तारा तुटतील, टप्प्याटप्प्यानं वर आणू. अपराइटमध्ये साधारण सव्वादोनशे तारा असतात, वरच्या बहुतेक स्वरांना तीन-तीन, खालच्यांना दोन आणि अगदी खाली एक, आणि प्रत्येक तार वेगळी जुळवायची. त्याआधी सफाई. त्यांनी समोरची फळी काढली आणि पट्ट्या एकेक करून उचलून ओळीनं चटईवर मांडल्या, प्रत्येकीवर खाली नंबर असतो, आणि मग खालच्या लाकडावर, धुळीच्या आणि कसरीच्या भुश्यात, नाणी दिसली. खूप नाणी. मला वाटलं कुणी लपवून ठेवली असतील. ट्यूनर हसून म्हणाले, "तुमच्या आजी हातावर नाणं ठेवून शिकवत असणार."

आणि तसंच होतं. जुनी पद्धत आहे ती, मुलाच्या पालथ्या हातावर नाणं ठेवायचं आणि स्केल वाजवायला लावायची, मनगट हललं की नाणं पडतं. सी मेजर उजव्या हातानं, अंगठा एक, मग दोन, तीन, आणि तिसऱ्या बोटाखालून अंगठा पुढे सरकवायचा, नेमकं तिथेच हात उचकतो आणि नाणं घरंगळतं. काही जमिनीवर पडायची, काही पट्ट्यांच्या फटीतून आत. मी ती धुऊन वर्षाप्रमाणे मांडली. 'नये पैसे' लिहिलेली १९६४ च्या आधीची, मग अॅल्युमिनियमची, चौकोनी पाच पैशांची आणि कातरलेल्या कडांची दहा पैशांची, मग पंचवीस पैसे, मग स्टीलचा रुपया. तिच्या शिकवण्याची वर्षं कुठे लिहिलेली नव्हती ती इथे होती. एकेक नाणं म्हणजे एकेका पोराचा उचकलेला हात. पप्पा ते बघून बराच वेळ काही बोललेच नाहीत आणि मग त्यातलं एक दहा पैशांचं उचलून म्हणाले, हे माझं असेल.

त्यानंतर मी तिची स्वरांची पुस्तकं उघडली, ट्रंक भरून होती, धोबी तलावच्या फुर्टाडोज या संगीताच्या दुकानाचे शिक्के, कडा वाळवीनं खाल्लेल्या. छापील स्वरांपेक्षा तिच्या पेन्सिलीच्या खुणाच जास्त. स्वरावर बोटाचा आकडा, तो न पाळणाऱ्यासाठी आकड्याभोवती गोल, तरी न पाळणाऱ्यासाठी लाल गोल. एकाच ओळीवर वेगवेगळ्या मुलांसाठी वेगवेगळी बोटं, छोट्या हाताला अष्टक पुरत नाही म्हणून खालचा स्वर खोडलेला आणि वर त्या मुलीचं नाव. समासात तारखा आणि कोंकणीत रोमी म्हणजे रोमन लिपीत बारीक शेरे, कुणाचं "आईला ताप, रागावू नको", कुणाचं "फी मागू नको". हे शेरे वाचताना मी खूप रडले. या नावांवरूनच विद्यार्थी शोधायला लागले, कारण तिच्या टेलिफोन डायरीतले निम्मे नंबर सहा आकडी होते.

वसई तालुक्यातल्या नंदाखालला एकजण भेटले, आता स्वतःच क्वायर बसवतात. त्यांनी मला तिच्याबद्दल काही सांगितलंच नाही, सरळ कीबोर्डवर बसून एफ मेजरची स्केल वाजवली आणि म्हणाले "इथे चौथ्या बोटानंतर अंगठा, बाकीच्यांसारखा तिसऱ्यानंतर नाही, हे टीचरनी शिकवलं, तेव्हापासून हात आपोआप जातो." ताडदेवला एक वयस्कर पारशी बाई, आजीच्या माझगावच्या दिवसांतल्या, त्या स्पष्ट बोलल्या. म्हणाल्या, तुझी आजी पेन्सिलनं बोटांच्या सांध्यावर मारायची, फार लागायचं, मी दोन वर्षांत सोडलं आणि परत कधी पियानोला हात लावला नाही. मला ते ऐकून कसंसंच झालं. आत्याचं म्हणणं हे पुस्तिकेत नको. मी ते ठेवलं. वसईतल्या कुणालाही तिनं मारल्याचं आठवत नाही, म्हणजे मधे कधीतरी तिनं ते सोडलं, आणि कोणी सोडायला लावलं, पणजीनं की स्वतःच्या मुलांनी, हे आता विचारायला कुणी नाही. पण बाई बदलली हे तर दिसतंय, आणि ते लिहिण्यासारखं आहे. कॅनडाहून एकीनं मोठी व्हॉइस नोट पाठवली, नवरा गेल्यावर तिकडच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवून तिनं घर चालवलं. आजीला हे माहीत होतं का, तर होतं, त्या दोघींची पत्रं होती.

आणि एक गोष्ट जी घरात कुणालाच माहीत नव्हती ती नंदाखालच्या सरांकडून कळली. व्हॅटिकनची दुसरी परिषद १९६५ ला संपली आणि लॅटिनमधली मिस्सा हळूहळू लोकांच्या भाषेत यायला लागली, आमच्याकडे मराठीत. आता मराठी गीतं हवीत, चाली हव्यात, साथ हवी. आजीला तेव्हा देवनागरी धड वाचता येत नव्हतं. ती पप्पांच्या पहिलीच्या पुस्तकावरून अक्षरं शिकली, मग दर महिन्याला 'सुवार्ता' हे आमच्याकडचं मराठी मासिक बोट ठेवून ठेवून वाचायची. गावातले लोक भजनाच्या अंगानं गायचे, सूर लांबवत, आणि हिची सवय चार आवाजांच्या कोरसची, पहिले काही महिने ऑर्गन एकीकडे आणि माणसं दुसरीकडे. शेवटी तिनं साथच बदलली, प्रत्येक शब्दाला कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे तीन-चार स्वर, द्यायचं सोडून एक स्वर खाली धरून ठेवायला लागली, तंबोऱ्यासारखा, आणि वर लोकांना मोकळं गाऊ दिलं. सरांकडे तिच्या हातची वही आहे, स्वरांखाली मराठी शब्द रोमी लिपीत, 'श' साठी गोव्याच्या सवयीनं एक्स. आजही आमच्याकडे दोन-तीन गीतांना साथ तीच वाजते आणि वाजवणाऱ्यांना ती कुणाची हे माहीत नाही. पुस्तिकेत आता आहे.

पुस्तिका झाली चोवीस पानांची. फादर म्हणाले होते दोन पानं वाचा, आम्ही चार वाचली, कुणी काही बोललं नाही. मधल्या दोन पानांवर लाल गोलांवाली तिची एक ओळ जशीच्या तशी छापली, आणि शेवटी विद्यार्थ्यांची नावं, जेवढी मिळाली तेवढी. पहिल्या पानावर नावाखाली 'पियानो शिक्षिका' लिहिलं. आत्याला तिथे 'प्रेमळ आई' हवं होतं, ते आम्ही खालच्या ओळीत घेतलं. पियानोचं काम अजून संपलेलं नाही, ट्यूनर पावसाळ्यानंतर परत येणार आहेत, तोवर बल्ब मी बघते. आणि ट्रंकेच्या तळाशी कॅसेट निघाल्यात, परीक्षेआधी मुलांचं वाजवणं ती टेप करून त्यांनाच ऐकवायची, त्यावर लेबलं आहेत पण रिबीन चिकटलीय. वसईत एकांकडे चालू डेक आहे, त्यांनी आधी दोनच आणा म्हणून सांगितलंय, बघून ठरवू म्हणाले. कुणाच्या घरी त्या काळातल्या टीचरच्या वह्या किंवा टेप असतील, वसईतल्या किंवा माझगाव-भायखळ्याच्या, तर मला बघायला नक्की आवडेल.